उरलेला प्रकार असाच

मंगळवार, ३ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघाही बरा आहे असं गृहीत धरतो; नसला तरी तू कळवणार नाहीस, तेव्हा गृहीत धरण्यावाचून गत्यंतर नाही.

आधी तक्रार, मग कुशल. गेल्या सोमवारी आमच्या कॉलेजने माझं डस्टर जप्त केलं. ‘जप्त’ हाच शब्द योग्य आहे; याहून सौम्य शब्द वापरणं ही सत्याशी प्रतारणा होईल. वर्गातला काळा फळा काढून तिथे एक पांढरा, गुळगुळीत, बघणाऱ्याला त्याचंच तोंड दाखवणारा फळा बसवला आहे. त्यावर लिहायला मार्कर. मार्कर हवा असेल तर भांडारात जुनं डस्टर जमा करायचं, वहीत सही करायची आणि टोपण हरवणार नाही असं तोंडी वचन द्यायचं. मी भांडारवाल्याला सांगितलं की हे डस्टर माझ्या लग्नाच्या आधीपासून माझ्यासोबत आहे. तो म्हणाला, “मग सर, रिटायर व्हायचं वय झालंच की.” आणि हे म्हणताना तो डस्टरकडे बघत नव्हता.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं, शर्टाच्या बाह्या आता तरी स्वच्छ राहतील. संसारात करुण रसाला वाव नाही हेच खरं.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की मी हल्ली तासन्‌तास संगणकापुढे बसून काय करतो. म्हणजे हिने तुझ्याकडे चहाडी केली आहे. तर ऐक. इंटरनेटवर गणितवाल्यांचा एक फोरम आहे. प्राचार्य नसलेली एक अवाढव्य स्टाफरूम समज. कोणीही प्रश्न टाकावा, कोणीही उत्तर द्यावं. उत्तर पटलं की विचारणारा त्यावर हिरवी खूण करतो आणि ते उत्तर कायमचं तिथे राहतं. खऱ्या नावाने तिथे कोणी वावरत नाही. मी ‘जुना खडू’. आता डस्टर गेल्यावर नाव जरा जास्तच लागू पडतंय.

दोन वर्षांपूर्वी तिथे ‘गवंडी’ नावाच्या एका माणसाने फरश्यांबद्दल प्रश्न विचारला. घाबरू नकोस, तुझ्या दुकानातल्या गोळ्यांच्या खोक्यांइतकं सोपं आहे. ठरावीक आकाराच्या फरश्या घ्यायच्या आणि जमीन अशी झाकायची की एकही सरळ भेग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणार नाही. कुठल्या मापाच्या जमिनीवर हे जमतं, कुठल्या मापाच्या जमिनीवर कधीच जमत नाही? गवंड्यांच्या हातांना हे कळतं. आम्हाला सिद्ध करावं लागतं. त्याच्या आधी दोन वर्षं मी तिथे दुसऱ्याच कोणाला उत्तर देताना एक लहानसा नियम सिद्ध केला होता: भेग अमुक एका लांबीपर्यंत वाढली की मग ती थांबत नाही, भिंतीपर्यंत पोचतेच. लोक त्याला ‘भेगेचा नियम’ म्हणतात. हिरवी खूण आहे त्यावर. माझ्या आयुष्यातली एकमेव कीर्ती. गवंडीने सगळी इमारत या नियमावर रचायला घेतली.

मग आमच्यात एक बाई आल्या. फोरमवरचं नाव ‘करवत’. त्या कुठल्याशा विद्यापीठात खरोखरीच्या प्राध्यापिका आहेत, आणि नाव त्यांनी उगाच घेतलेलं नाही. आमची तिघांची चर्चा इतकी लांबली की फोरमने सभ्य भाषेत बाहेर जाऊन बोलायला सांगितलं. तेव्हापासून आमची एक सामाईक वही आहे, म्हणजे अशी फाइल की तीन गावांत बसून तिघेही तिच्यात लिहू शकतात. सव्वाशे पानं झाली. एकमेकांची तोंडं आम्ही पाहिलेली नाहीत. आता करवत म्हणतात, हा शोधनिबंध आहे, छापायला पाठवू.

फरशीचं नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. हो, तेच कोडं. ज्याच्यापायी आपल्या धाकट्या टिंबाचे चार महिने रुग्णालयात गेले, आणि अकरा वर्षं तो तुझ्या मागच्या खोलीत राहतोय, फ्रेमच्या दुकानात काचा कापतोय आणि माझ्याशी बोलत नाहीये. पण कोडं काही कोणाच्या मालकीचं नसतं. जगात त्याच्यावर विचार करणारे पुष्कळ असतील.

टिंब कसा आहे? जेवतो ना? दुकानातून वेळेवर येतो? रविवारी दुपारी काय करतो? सहज विचारलं. हे पत्र घरी न पाठवता तुझ्या औषधांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय, त्यालाही विशेष कारण नाही.

तुझा,
डस्टरविहीन बंधू


शनिवार, २१ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र मिळालं. सुरुवातीच्या दोन ओळीच अशा: ‘पंडिता, डस्टरसाठी कोणी चार पानं लिहीत नाही. सरळ लिही.’ अण्णांनी तुला संस्कृत शिकवलं नाही ही त्यांची चूकच झाली. तू सूत्रकार झाली असतीस.

सरळ लिहितो. गवंडी म्हणजे आपला टिंब.

हे वाचून तू काउंटरमागच्या स्टुलावर बसली असशील. गिऱ्हाईक असेल तर त्याला आधी औषध दे. मग पुढचं वाच.

मला कसं कळलं, तर अण्णांमुळे. आपल्या घरात काहीही मागायचं तर आधी पूर्वपक्ष मांडावा लागायचा, आठवतं? म्हणजे आपल्याच म्हणण्याविरुद्ध जे जे बोलता येईल ते आधी आपणच बोलायचं, आणि जोरात. मग उत्तरपक्ष, मग निर्णय. तू नव्या दप्तरासाठी मांडायचीस तो पूर्वपक्ष इतका मेंगळट असायचा की अण्णा हसून दप्तर आणायचे. टिंबाने मात्र एकदा चपलांसाठी असा बिनतोड पूर्वपक्ष मांडला की चपला नकोतच असं त्याचं त्यालाच पटलं, आणि तो महिनाभर फाटक्या चपला घालून हिंडला. सात वर्षांचा होता. अण्णा त्या दिवशी म्हणाले होते, हा धाकटा आपल्या सगळ्यांच्या पुढे जाईल. मी दारात उभा राहून ऐकलं होतं.

गवंडीचा फोरमवरचा पहिला प्रश्न तसाच होता. प्रश्नाआधी दहा ओळी स्वतःविरुद्ध. ‘इथे कोणी म्हणेल की...’, आणि तो ‘कोणी’ असा नेमका घाव घालणारा की वाचताना आपणच खाली बसावं. गणितात असं कोणी लिहीत नाही, ताई. लोक सिद्धता लिहितात आणि मग देवावर भरवसा ठेवतात. दोन महिन्यांत माझी खात्री पटली. उरलेली शंका, काचेचा तुकडा कापताना अंगठा कापला म्हणून आठवडाभर टायपायला जमणार नाही असं त्याने एकदा लिहिलं, तेव्हा फिटली. त्याच आठवड्यात तू मला पत्रात टिंबाच्या अंगठ्याचं लिहिलं होतंस.

म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ मला माहीत आहे, आणि मी तुला सांगितलं नाही. तू घरात गणिताचा कागद नको असा नियम केलास. त्याने तो मोडला नाही. कागद वापरलाच नाही, सगळं फोनवर केलं. अण्णांचाच मुलगा. आणि मी गप्प बसलो, कारण सांगितलं असतं तर तू फोन काढून घेतला असतास आणि ते योग्यच झालं असतं. पण मला भाऊ परत मिळाला होता. टोपणनावाने का होईना. रविवारी दुपारी मी एक ओळ लिहायचो, खाली त्याची ओळ यायची, त्याखाली माझी. अकरा वर्षांपूर्वी एका टेबलाशी बसून असंच करायचो. तू हे माफ कर असं म्हणत नाही, फक्त ऐकून ठेव.

मी कोण हे त्याला ठाऊक नाही. निदान मला तसं वाटतं. करवत गेल्या आठवड्यात आम्हा दोघांची खरी नावं मागत होत्या, निबंधावर घालायला. दोघांनीही टाळाटाळ केली. त्यांनी लिहिलं, “तुम्ही दोघं पोलिसांना हवे आहात का? मला आत्ताच सांगा, मी वकील बघते.” त्यावर गवंडीने लिहिलं, आधी खडू सांगेल, मग मी. मी हसण्यावारी नेलं.

तू लिहितेस, तो मजेत आहे. शीळ घालतो. पटापट जेवतो. फ्रेमच्या दुकानात अर्धा दिवसच जातो, मालकाला सांगून ठेवलंय म्हणे की पुढच्या महिन्यापासून बहुतेक येणार नाही. मागच्या खोलीच्या खिडकीची काच त्याने आतून पुठ्ठा लावून बंद केली, ऊन फोनवर येतं म्हणून. ‘इतका आनंदी मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नाही’ असं तू लिहिलंस, आणि खाली दोनदा रेघ ओढलीस. ती दुसरी रेघ मी बराच वेळ बघत होतो. आनंदाची असती तर एकच पुरली असती.

आता जे लिहायचं होतं ते. पहिल्या वर्षी त्याच्या प्रत्येक पानावर पूर्वपक्ष असायचा. मग पाचांत दोन पानांवर. मी वही मागून पुढे आणि पुढून मागे चाळली. ११ फेब्रुवारीनंतर एकही नाही. आधी तो आठवड्यातून एकदा लिहायचा, रविवारी. आता दिवसाला तीसतीस नोंदी, आणि एकीतही ‘इथे कोणी म्हणेल’ नाही. फक्त ‘म्हणून’, ‘म्हणून’, ‘म्हणून’.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्याच्या शेवटच्या मसुद्यातही असंच होतं. तू तो वाचला नव्हतास. मी वाचला होता.

गोळ्या घेतो ना?

तुझा,
पंडित


गुरुवार, ९ एप्रिल

ती. ताईस,

काल फोन केला होता तो हेच सांगायला. सात मिनिटं बोललो: तुझा गुडघा, माझं डस्टर, मार्करचं हरवलेलं टोपण. तू हसलीस आणि मी फोन ठेवला. फोनवर मला खरं बोलता येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. समोर कोणी हसायला असलं की मी विदूषक होतो. म्हणून कागद. जलद टपालाने टाकतोय, परवा शनिवारी तुझ्या काउंटरवर पोचेल.

भेगेचा नियम चुकला आहे.

करवत काटेकोर. निबंधात नियमाची पूर्ण सिद्धता हवी, नुसता ‘फोरमवर बघा’ असा हवाला चालणार नाही म्हणाल्या. म्हणून मी चार वर्षांपूर्वीचं माझंच उत्तर काढून साफ लिहायला बसलो. जमिनीची बाजू सम असेल तेव्हाची सिद्धता सुंदर आहे, आजही छाती फुगते. आणि विषम बाजूसाठी तिथे तीन शब्द आहेत: ‘उरलेला प्रकार असाच.’

उरलेला प्रकार असाच नाही.

मी रविवारी दुपारी पुठ्ठ्याच्या फरश्या कापून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. अकरा बाय अकरा. भेग सुरू झाली, नियमात सांगितलेल्या लांबीपलीकडे गेली, आणि भिंतीच्या दोन घरं अलीकडे शांतपणे थांबली. मी सगळं विस्कटून पुन्हा मांडलं. ती पुन्हा तिथेच थांबली. ही ताटं घेऊन आली आणि म्हणाली, “जेवायचं कुठे, प्रमेयावर?” मग माझ्या तोंडाकडे बघून ताटं ओट्यावर घेऊन गेली. आम्ही त्या दिवशी उभ्याने जेवलो.

चार वर्षं हे कोणालाच कसं दिसलं नाही, असं तू विचारशील. हिरव्या खुणेमुळे. खूण दिसली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने तपासलं असेल. विचारणाऱ्याला सम बाजूपुरतंच हवं होतं. त्याचं काम झालं, त्याने खूण केली. तुझ्याकडे सीलबंद बाटली येते, आत काय आहे ते तू चाखून बघत नाहीस, तसंच. खरं म्हणजे एकाने शंका घेतली होती. गवंडीने, अगदी सुरुवातीला. ‘इथे कोणी म्हणेल की विषम बाजूला हा युक्तिवाद लागू पडत नाही.’ मी जुना सभासद, मी एक चुरचुरीत वाक्य टाकून त्याला वाटेला लावलं. लोकांनी माझ्या वाक्याला पसंती दिली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

सव्वाशे पानांतली शंभरेक पानं त्या तीन शब्दांवर उभी आहेत.

आता दुसरं. तू अकरा वर्षं मला एकच प्रश्न विचारत आलीस: त्याची चूक तुला दिसली होती तर घरी का नाही सांगितलीस, भर सभागृहात का? आणि मी दर वेळी म्हणालो, मला तिथेच सुचलं गं, ऐकता ऐकता.

तिथेच सुचलं नव्हतं. चार दिवस आधी सुचलं होतं. त्याने मसुदा माझ्याकडे दिला, म्हणाला, दादा, तू बघ, तू बघितलंस की मग बास. मी बघितलं. त्याने काही मापांसाठी पडताळा केला होता आणि बाकीच्यांसाठी तसंच होतं असं धरून चालला होता. चार दिवस मी त्याच्यासोबत चहा प्यायलो आणि ते वाक्य मनात घोळवत राहिलो. मग सभागृहात उठून म्हणालो, “स्थालीपुलाक न्याय भाताला लावावा, प्रमेयाला नाही.” एक शीत दाबून पातेलंभर भात शिजला म्हणणाऱ्याचा न्याय. सभागृहात संस्कृत कळणारे मोजके होते, त्यांनी बाकीच्यांना समजावलं, त्यामुळे हशा दोनदा झाला. दोन्ही हशे संपेपर्यंत तो फळ्यापाशी खडू धरून उभा होता. मला वाटतं, दारात उभं राहून ऐकलेलं अण्णांचं ते वाक्य मी त्या दिवशी फेडून घेतलं.

आणि आता शीत कोणी दाबलं बघ.

पुठ्ठ्याच्या त्या रविवारला अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी वहीत रोज काहीतरी लिहितो: इथे स्वल्पविराम हवा, तिथे आकृती मोठी करू. त्या वेळी चार दिवस गप्प बसलो ते दुष्टपणाने. या वेळी कशाने, ते मला नीटसं सांगता येत नाही. थोडी भीती आहे. थोडा लोभही आहे. बावन्नाव्या वर्षी छापलेल्या निबंधावर आपलं नाव बघायचा लोभ. करवत सोमवारी निबंध पाठवणार आहेत. नावं सोमवारच्या आत हवीत.

परवा एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळे हे पत्र. फोरमवर माझ्या त्या जुन्या उत्तराखाली कोणा नवख्याने एक ओळ लिहिली: विषम बाजूचं काय? सभ्यपणे विचारलं होतं. मी काही लिहिण्याआधी गवंडीचं उत्तर आलं. तसंच्या तसं उतरवतो.

‘हे थोरल्याने तपासलं आहे. पुन्हा विचारू नका.’

थोरल्याने. जगात मला थोरला म्हणणारी माणसं तीन होती, त्यांतले अण्णा गेले, आणि तू पंडित म्हणतेस.

म्हणजे त्याला ठाऊक आहे. कदाचित पहिल्या दिवसापासून असेल. माझा नियम आहे म्हणूनच त्याने त्यावर इमारत रचायला घेतली असेल. ‘आधी खडू सांगेल, मग मी’; आपल्या घरात नेहमी मोठ्याने आधी पाया पडायचं, मग धाकट्याने, आणि मी ते पोलिसांच्या विनोदात घालवलं. आणि मी गेल्या पत्रात तुला भीती घातली की त्याचे पूर्वपक्ष आजारामुळे थांबले. तेही असेल. पण मी वही पुन्हा बघितली. जिथे जिथे भेगेचा नियम वापरलाय तिथलेच आधी थांबले, बाकीचे नंतर. दादाने बघितलं की मग बास.

तू लिहितेस गोळ्यांच्या पट्ट्या वेळेवर संपतात. संपतात म्हणजे पोटातच जातात असं नाही. हा पूर्वपक्ष मी मांडायचा नव्हता, ताई. तुझी हयात औषधांच्या दुकानात गेली. तुला संशय आला नसेल असं मला वाटत नाही. तुलाही त्याची शीळ ऐकावीशी वाटत असणार. आपण दोघं एकाच शाळेतले. पण त्याच्या डॉक्टरांना हे पत्र मिळताच भेट, माझ्या येण्याची वाट बघू नकोस.

मी रविवारी सकाळच्या गाडीने निघतोय. दुपारी एकपर्यंत तुझ्याकडे. करवतना अजून काही कळवलेलं नाही. त्यांना कळलं की त्या वहीत लाल अक्षरात लिहितील. तो त्यांचा धर्मच आहे, आणि मग टिंब ते बंद खिडकीच्या खोलीत एकटा वाचेल. आधी मी त्याला सांगणार. तोंडाने, घरात, दुसरं कोणी नसताना. नवख्याला उत्तर द्यायचंय, ते त्यानंतर, माझ्या नावाने.

मी येतोय हे त्याला शनिवारीच सांगून ठेव. अचानक पुढ्यात उभं राहायचं नाही, ते एकदा झालंय. का येतोय ते मात्र सांगू नकोस. विचारलं तर म्हण, दादाला तुझ्याशी बोलायचंय. नाही म्हणाला तर मी दुकानात तुझ्या स्टुलावर बसून राहीन. पुठ्ठ्याच्या फरश्या सोबत आणतोय.

घरच्या रीतीप्रमाणे मांडतो.

पूर्वपक्ष. मी येऊ नये. अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला उभा चिरला, आणि त्यानंतर प्रथमच समोर येऊन मी पुन्हा तेच सांगणार: तू बांधलंस ते उभं राहत नाही. चूक माझी आहे म्हणून त्याचं दुःख कमी होईल असं नाही. त्या वेळी निदान रागवायला मी होतो, आता तोही आधार जाईल. त्याने दुकान सोडायचं ठरवलंय, खिडकी बंद केलीय, सगळं एका भिंतीला टेकवून ठेवलंय आणि ती भिंत मी आहे. मी गप्प राहिलो तर निबंध परीक्षकांकडे जाईल, चूक सहा महिन्यांनी सापडेल, कोणा परक्याच्या तोंडून सांगितली जाईल, आणि तोवर तो शीळ घालत राहील. सहा महिने थोडे नाहीत.

उत्तरपक्ष.

इथे पंधरा मिनिटं पेन धरून बसलोय. अण्णा असते तर म्हणाले असते, उत्तरपक्ष नाही तर मागणं मागे घे. मी मागे घेत नाही. येतोय.

ताई, चूक कबूल करायची मला भीती नाही. मी सांगेन, आणि तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणेल, नाही दादा, तू तपासलंयस, बरोबरच आहे. तो असं म्हणाला तर पुढे काय करायचं हे मला माहीत नाही. गेले दोन दिवस मला याचीच फार भीती वाटते आहे.

थोरला